एकही डाउट येणार नाही

एनी डाउट्स?

हे मी विचारते आणि पंखा ऐकू येतो. पंख्यापलीकडे खिडकी, खिडकीपलीकडे चऱ्होलीतल्या अर्धवट इमारतींवर फिरणारी क्रेन. ती काही विचारत नाही, म्हणून मी तिच्याकडे बघते. मुलं माझ्याकडे बघतात. मग वहीकडे. मग माझ्या खांद्याच्या थोडं वर, जिथं कोणी नसतं.

ओके, मी म्हणते. देन वी विल प्रोसीड.

मी वर्षाली येळवंडे. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. तीन वर्षं झाली, अजून करारावरच आहे. या गुरुवारी बाहेरून एक तज्ज्ञ येणार आहेत आणि माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणार आहेत. मुलं बोलली तर मी कायम होईन. नाही बोलली तर जूनमध्ये करार संपेल आणि मीही. एवढीच गोष्ट आहे.

पण ती एवढीच असती तर...

*

मागच्या वर्षी रोहिदास सर, आमचे विभागप्रमुख, दारातून डोकावले होते. "मॅडम, तुमचा वर्ग किती शांत असतो!" म्हणाले आणि हसले. मला दिवसभर बरं वाटलं.

या वर्षी तेच दार, तेच सर. "मॅडम, तुमचा वर्ग फार शांत असतो हो." हसले नाहीत.

मधल्या काळात झालं ते असं. कॅम्पस इंटरव्ह्यूला आलेल्या कंपन्यांनी आमच्या मुलांना गोल करून बसवलं आणि आपसात इंग्रजीत चर्चा करा म्हणून सांगितलं. मुलं गोल बसली आणि तशीच उठली. मार्क होते, हातात काम होतं, तोंडात शब्द नव्हता. मग कॉलेजनं ठरवलं, लेक्चर फक्त इंग्रजीत. मराठी बंद, हिंदी बंद. आणि मुलांना बोलतं करायचं. दोन्ही एकदम. आधी तोंडाला कुलूप घालायचं आणि मग म्हणायचं, गा.

हे मी मीटिंगमध्ये म्हणाले नाही. मीटिंगच्या शेवटी सरांनी विचारलं, "कोणाला काही शंका?" आणि आम्ही सगळ्या मास्तरांनी टेबलाकडे बघितलं.

एनी डाउट्स?

नाही ना. पुढे जाऊ.

*

आम्हाला प्रशिक्षण दिलं होतं. एक बाई आल्या होत्या. प्रश्न विचारल्यावर थांबा, म्हणाल्या. घाईनं स्वतःच उत्तर देऊ नका. शांतता सोसायला शिका.

मी थांबले. शांतता माझ्यापेक्षा मुलांच्या जास्त सवयीची निघाली. ती तिच्यात आरामात बसली, एसटीत खिडकी मिळाल्यासारखी. शेवटी मीच मोडले आणि उत्तर सांगून टाकलं.

मग जोड्या केल्या. शेजारच्याशी बोला, दोघांत मिळून एक प्रश्न तयार करा. वर्गात एकदम गलका झाला. मला आनंदानं घाम फुटला. मी बाकांमधून फिरायला लागले. जिथं जाईन तिथला गलका विझायचा, पुढे सरकले की मागे पुन्हा पेटायचा.

"व्हॉट आर यू डिस्कसिंग?"

"सेम टॉपिक, मॅडम."

सेम टॉपिक म्हणजे कोणी डब्यात काय आणलंय.

मग चिठ्ठ्या. नाव घालू नका, फक्त जे कळलं नाही ते लिहा. घरी नेऊन एकेक उघडली. ऑल ओके. ऑल ओके. ऑल ओके. वेगळी अक्षरं, वेगळ्या शाया, मजकूर एकच. एका चिठ्ठीवर खाली हसरा चेहरा काढला होता. त्याच्याकडे मी बराच वेळ बघत बसले.

*

प्रश्न येत नाही म्हणून मला झोप लागत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

प्रश्न आला तर काय, हे कोणालाच सांगत नाही.

माझं इंग्रजी पाठ केलेलं आहे. कुरुळीच्या झेडपी शाळेत जे मिळालं त्यावर पुढे पुस्तकांची ठिगळं लावत आणलंय. लेक्चरचं वाक्य न् वाक्य मी घरी तयार करते. ते रुळावरून चालतं, आणि रूळ मीच टाकलेले असतात. प्रश्न म्हणजे रुळावर आडवं आलेलं माणूस. एखादा विचारेल, मला त्याचं अर्धंच समजेल, मी "पार्डन?" म्हणेन, तो पुन्हा विचारेल, मला पुन्हा अर्धंच समजेल. आणि समजलंच, तर उत्तर मराठीत येईल. मराठीत ते माझ्याकडे पूर्ण आहे, पण मराठी बंद आहे.

प्रश्न आला नाही तर नोकरी जाते. आला तर अब्रू.

म्हणून मी "एनी डाउट्स?" विचारते तेव्हा माझा आवाज शेवटाला किंचित खाली पडतो आणि एक पाय आधीच फळ्याकडे वळलेला असतो. मुलांना हे दिसत असणार. मुलांना सगळं दिसतं.

*

संध्याकाळी पोळ्या लाटताना मी वाक्यं म्हणते. आण्णा, म्हणजे माझे वडील अर्जुनराव, त्या दिवशी आतून बाहेर आले.

"कुणाशी भांडतीस गं? सायबाशी?"

"उद्याचं शिकवणं म्हणतेय, आण्णा. पोरं वर्गात बोलत नाहीत."

"मग बरंच हाय की."

"बरं नाही. बोलली नाहीत तर नोकरी जाईल माझी."

आण्णांनी पाटावर बसत माझ्याकडे बघितलं. ते चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून वाकवायच्या खात्यात, लाइन लीडर होते. शेती निम्मी गेली तेव्हा कंपनीत लागले आणि तिथंच रिटायर झाले. मला सहज सुचलं म्हणून विचारलं, "तुमच्या शिफ्टच्या आधी मीटिंग व्हायची ना? त्यात माणसं बोलायची का हो?"

"व्हय तर. सायेब रोज इचारायचा, काय अडचण हाय का."

"मग?"

"मग काय. आमी समदे एका दमात, नो प्रॉब्लेम सर! आन् लागायचं कामाला."

"आणि खरंच अडचण असली तर?"

"असली तर असली. ती आमची आमी बघायचो. सायबाफुडं तोंड उघडलं तर नाव कुणाचं लागंल, बोल कुणाला? लीडरचं." त्यांनी पोळीचा पापुद्रा उचलून वाफ जाऊ दिली. "माज्या मान्सांनी येकदाबी माजं नाव लागू दिलं न्हाई. ऑडिट आसलं की तर मी सोताच सांगून ठेवायचो, कुणी इचारलं तर समदं ओके म्हनायचं. बाकी दात बी दावायचे न्हाईत."

त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मला आवडला. पण तव्यावरची पोळी करपत होती आणि डोक्यात उद्याचं वाक्य अडकलं होतं. मी ऐकलं. ऐकलं म्हणजे कळलं असं नाही. माझ्या मुलांनाही रोज ऐकू येतंच की.

*

वर्गातली निम्मी मुलं डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. त्यातली बरीच कॉलेज सुटलं की चाकणला सेकंड शिफ्टला जातात, ट्रेनी म्हणून. कॉलेजच्या शर्टाच्या आत कंपनीचा राखाडी शर्ट असतो. आदिनाथ त्यांचा पुढारी. बीडकडचा. आमच्याच कुरुळीत तिघांत एक खोली घेऊन राहतो.

दुसऱ्या टोकाला संस्कृती. पहिला बाक, इंग्रजी शाळा, वर्गात कधीकधी बोलणारी एकटी तीच. गुरुवारसाठी माझी सगळी मदार तिच्यावर होती. आदिनाथवर नव्हती.

बुधवारी रोहिदास सर वर्गात आले. मराठी बंद असल्याचं विसरून म्हणाले, "उद्या मॅडमच्या लेक्चरचं ऑडिट आहे. मॅडमचं पुढचं सगळं तुमच्या हातात आहे. समजलं का?"

"येस सर!"

असा दणदणीत आवाज मी या वर्गाचा कधी ऐकला नव्हता. मला भरून आलं. किती मूर्ख होते मी.

*

गुरुवार. मोशीच्या पुढे एक कंटेनर बंद पडून रस्त्यात आडवा. स्कूटर फुटपाथवरून काढली, चिखलातून काढली. वर्गाच्या दारात पोचले तेव्हा तज्ज्ञ आधीच मागच्या बाकावर बसले होते. पांढरा शर्ट, मांडीवर क्लिपबोर्ड.

आणि वर्ग.

बाकं दोरी लावून मांडल्यासारखी. सगळ्या बॅगा एका भिंतीला, एका उंचीवर. फळा ओल्या फडक्यानं पुसलेला. टेबलावर डस्टरभोवती पिवळ्या टेपचा चौकोन. डस्टरची जागा, कंपनीत हत्यारांची आखतात तशी. खडूंना दुसरा चौकोन. मुलं ताठ, हात बाकावर, सगळ्यांची पहिली बटणं लावलेली.

आदिनाथ दाराशीच उभा होता. पुटपुटला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. मी सगळ्याला बोललोय. एकही डाउट येणार नाही."

"काय?"

"एकही नाही. ऑडिट हाय ना. तुमचं नाव लागू देतो का आम्ही? ती संस्कृती लई बोलती, तिला तर दोनदा सांगितलंय."

माझ्या तोंडात जे आलं ते मराठीत होतं. अरे वेड्या, असं होतं. तज्ज्ञ आमच्याकडेच बघत होते.

"नो, आदिनाथ, नो. प्लीज आस्क क्वेश्चन्स. एव्हरीबडी शुड आस्क."

त्यानं समजूतदारपणे मान हलवली. साहेबासमोर लीडर असंच म्हणणार, हे त्याला माहीत होतं.

"येस मॅडम," तो म्हणाला, जागेवर जाऊन बसला आणि हात बाकावर ठेवले.

*

विषय होता पत्रा वाकवणं. साधी गोष्ट आहे. पत्रा साच्यात दाबून वाकवला की दाब काढल्यावर तो थोडासा परत उलगडतो. म्हणून काटकोन हवा असेल तर काटकोनापेक्षा जरा जास्त वाकवायचा. मग तो उलगडून बरोबर काटकोनावर येतो. आण्णा हे जेवताना सांगायचे, पापड हातात धरून.

मी बोलत होते. वाक्यं रुळावरून धावत होती. मध्ये मी थांबले.

"एनी डाउट्स?"

"नो मॅडम!"

एका दमात. खिडकीची काच हलली असावी. तज्ज्ञांनी काहीतरी लिहिलं.

"संस्कृती? यू मस्ट बी हॅविंग सम क्वेश्चन."

ती उभी राहिली. माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू कोणीतरी तिला बांधून ठेवलंय. "नो डाउट्स, मॅम."

मी खडू उचलला. आकृती काढली. साचा काढला, कोन दाखवला, पत्रा दाखवला, बाण काढला. वळले.

काहीतरी बदललं होतं. कोणी हललं नव्हतं, तरी बदललं होतं. आदिनाथचं बोट बाकावरून किंचित उचललं गेलं आणि परत खाली गेलं. संस्कृतीनं पेनाचं टोपण दातात धरलं. मागे कोणीतरी कोणाला कोपर मारलं. सगळे आकृतीकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग माझ्या खांद्याच्या थोडं वर.

मी मागे वळून बघितलं. साचा उलटा निघाला होता. जास्त वाकवण्याऐवजी मी तो कमी वाकवलेला दाखवला होता. असा पत्रा उलगडला तर काटकोनावर कसला येतोय, लांब निघून जाणार.

मागून तज्ज्ञांचा आवाज आला. शांत, सुरेख इंग्रजी. वर्गाला ही आकृती मान्य आहे का?

"येस सर!"

*

इथं थांबते. प्रशिक्षणातल्या बाई म्हणाल्या होत्या, थांबा.

डस्टर तिथंच होतं, पिवळ्या चौकोनात. उचलायचं, पुसायचं, सॉरी स्मॉल मिस्टेक म्हणायचं, नीट काढायचं. मुलांनी एक शब्द काढला नसता. तज्ज्ञांनी लिहिलं असतं, शिक्षिका बरी, वर्ग मुका. जूनमध्ये करार संपला असता. शांतपणे.

सगळ्यांना दिसलं होतं. सगळ्यांना. आणि सगळे मला वाचवत होते.

मी एकदा इंग्रजीतून प्रयत्न केला. "समथिंग इज राँग हिअर. टेल मी व्हॉट इज राँग."

"नथिंग राँग, मॅडम!"

आण्णांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. माज्या मान्सांनी येकदाबी. तेव्हा कुठे कळलं. ही मुलं घाबरट नव्हती आणि मंदही नव्हती. त्यांच्या हिशेबी डाउट म्हणजे माझ्याविरुद्ध तक्रार होती. वर्षभर मी रोज विचारत होते, माझी काही तक्रार आहे का? आणि ती रोज प्रेमानं सांगत होती, नाही, मॅडम.

*

"आदिनाथ," मी म्हणाले. मराठीत. "उभा राहा."

बाकांवरून एक झुळूक गेल्यासारखं झालं. तज्ज्ञांचं पेन थांबलं.

"हा साचा तुझ्या लाइनवर आहे. यातून निघालेला पीस तुझ्या हातात आला. तू पुढे सोडशील?"

त्यानं मागे बघितलं, पुढे बघितलं. ओठ न हलवता म्हणाला, "मॅडम, ऑडिट..."

"सोडशील का?"

"नाही."

"का नाही?"

"पुढं बसणारच नाही तो. पीस रिजेक्ट होईल."

"मग काय करशील?"

"लाइन थांबवावी लागंल."

"मग थांबव ना, बाबा." माझा आवाज फाटला. "नाव माझं लागू दे. लागायलाच हवंय मला."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यानं दोन्ही तळवे जोडून पुढे धरले, पुस्तकासारखे, आणि हळूहळू उघडले.

"मॅडम, युवर अँगल राँग. शीट ओपन. आफ्टर ओपन... मोअर ओपन. मस्ट क्लोज मोअर." त्यानं तळवे परत मिटले. "फर्स्ट क्लोज. देन ओपन. देन करेक्ट."

कोणी हसलं नाही.

"व्हाय विल इट ओपन?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. पण पाय फळ्याकडे वळला नाही.

"कारण त्याला मनापासून वाकायचंच नसतंय," मागून कोणीतरी म्हणालं आणि मग मात्र वर्ग फुटला. हसू, मग बोलणं. संस्कृतीच्या तोंडातून टोपण पडलं, ती उभी राहून घडाघडा सांगायला लागली. तिला मध्येच एकानं हिंदीत अडवलं, प्रत्येक पत्र्याला किती जास्त वाकवायचं हे कळणार कसं? दुसरा म्हणाला, आमच्या लीडरला हात लावून कळतं. तिसरा म्हणाला, तुमचा लीडर देवच आहे भावा, आमचा तर चष्मा घरी विसरून येतो. "वन बाय वन! इन इंग्लिश, ऑर एनी लँग्वेज, बट वन बाय वन!" मी ओरडत होते आणि माझं हे वाक्य कुठेही तयार केलेलं नव्हतं.

तेव्हा शेवटून दुसऱ्या बाकावरून एक हात वर आला. हर्षाली. हजेरीच्या "प्रेझेंट" पलीकडे या मुलीचा आवाज मी ऐकला नव्हता. तिच्या मामांचं कुरुळीत पावडर कोटिंगचं, म्हणजे पत्र्यावर भट्टीत रंग पक्का करायचं, छोटं शेड आहे, हे मला नंतर कळलं.

ती एकेक शब्द ठेवत बोलली, ओल्या फरशीवर पाय ठेवावा तशी. "मॅडम. बेंडिंग डन. अँगल ओके. चेकिंग ओके. देन पेंट, देन ओव्हन. ओव्हन आफ्टर, सम टाइम, अँगल नॉट ओके. व्हाय?"

वर्ग गप्प झाला. पण ही शांतता निराळी होती. ही वाट बघत होती.

मला तिचा शब्द न् शब्द समजला होता. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंग्रजीत नव्हतं, मराठीतही नव्हतं. रुळावर माणूस उभं होतं.

"आय डोन्ट नो," मी म्हणाले. मग परत, "खरंच माहीत नाही मला. उद्या सांगते."

मागच्या बाकावर पेन बराच वेळ चालत राहिलं.

*

दुपारी रोहिदास सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कागद समोर ठेवून वाचून दाखवला. सहभाग, उत्तम. माध्यमाचा नियम, मोडला. आकृती, चुकीची. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर, दिलं नाही.

"मग, सर?"

"मग काय मॅडम." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक सेमिस्टर वाढवलंय. परत येऊन बघू म्हणालेत."

"आणि कायमचं?"

"परत येऊन बघू, असं म्हणालेत." थोडं थांबून म्हणाले, "त्या पिवळ्या टेपचं मात्र कौतुक केलंय."

*

"लाइन थांबवलीस?" आण्णा म्हणाले. "सायबाफुडं?"

"मी नाही, एका पोरानं. मी सांगितलं थांबव म्हणून."

आण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मग नाव कुणाचं लागलं?"

"माझं."

"हं," म्हणाले, आणि आमटी वाढ म्हणून वाटी पुढे केली.

*

शुक्रवार. हर्षालीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालंय. वाकवताना पत्र्यात जो ताण अडकून राहतो तो भट्टीत सैल होत असावा, असं एका पुस्तकात आहे. पण पुस्तकातली भट्टी रंगाच्या भट्टीहून बरीच गरम होती. दोन सहकाऱ्यांना विचारलं, दोघांनी वेगवेगळं सांगितलं. हे सगळं इंग्रजीत कसं सांगायचं ते रस्ताभर पुटपुटत आले. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत होता.

वर्गात बाकं परत वेडीवाकडी. पिवळे चौकोन राहिलेत, डस्टर मात्र खिडकीत.

"गुड मॉर्निंग. यस्टरडे हर्षाली आस्क्ड..."

हात वर आहे.

मी अजून काही विचारलेलं नाही. वाक्यसुद्धा संपलेलं नाही. हात वर आहे, भिंतीकडच्या रांगेत. ज्याचा आहे त्याचं नाव मला आठवत नाही. खिडकीत क्रेन फिरतेय. एक पाय फळ्याकडे वळलेला आहे, माझाच.

तो मी परत वळवते.

"येस," मी म्हणते. "टेल मी."